चार दिवसांसाठी आलेले अण्णा

माझे वडील, आमचे अण्णा, गेली चार वर्षं आमच्या घरी चार दिवसांसाठी आलेले आहेत. गावाकडून कुणाचाही फोन आला की ते हेच सांगतात. "नगरला आलोय लेकीकडं, चार दिस. म्हातारीच्या दवाखान्याचं हाय जरा." पलीकडच्या माणसालाही आता सवय झालीय. तोही विचारतो, मग कधी निघणार? अण्णा म्हणतात, "बगू, पुढच्या बाजाराला."

म्हणजे काष्टीच्या आठवडे बाजाराला. आमचं गाव काष्टी, तालुका श्रीगोंदा. तिथं अण्णांचं रान आहे, ऊस आणि कांदा पिकवणारं, आणि रानातच घर. आईला शुगर आहे. चार वर्षांपूर्वी एका सकाळी ती गोठ्यात शेण काढता काढता पडली. अण्णा उसाला पाणी द्यायला लांब गेले होते. शेजारच्या बाईने बघितलं म्हणून निभावलं. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की साखर वाढते त्याची काळजी नाही, ही अचानक खाली जाते, यांना एकटं ठेवू नका. माझा धाकटा भाऊ ऑस्ट्रियात. उरले मी. रान चुलतभावाला वाट्याने दिलं आणि दोघांना मी नगरमध्ये सावेडीला माझ्या घरी आणलं. आमच्या ह्यांनीच पुढाकार घेतला होता, तेव्हा नवऱ्याच्या नावाने रडायचीही मला सोय नाही.

लेकीच्या घरी बापाने राहायचं नसतं, हे अण्णांच्या हाडात मुरलेलं आहे. त्यांच्या आजोबांनी म्हणे लेकीच्या सासरच्या विहिरीचं पाणीसुद्धा कधी प्यायलं नाही. अण्णा पाणी पितात, जेवतात, सगळं करतात, पण पाहुण्यासारखे. घरातली प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी दुसऱ्याची असते. "तुमचा गॅस चालू ऱ्हायलाय." "जावयबापूंच्या टीव्हीवर बातम्या लावता का?" आमच्या घरातलं एकही कपाट त्यांनी आपल्या हाताने उघडलेलं नाही. तहान लागली तर मी येईपर्यंत बसून राहतील, पण फ्रिजच्या दाराला हात लावणार नाहीत.

आणि ती बॅग. भाऊ होस्टेलला होता तेव्हाची, तपकिरी रेक्झिनची, एका बाजूची चेन सेफ्टी पिनेवर तगलेली. अण्णांचे सगळे कपडे त्या बॅगेत, आणि बॅग कॉटखाली. धोतर हवं असलं की बॅग ओढायची, चेन उघडायची, धोतर काढायचं, चेन लावायची, बॅग परत ढकलायची. आले त्या आठवड्यात मी माझ्या कपाटातला एक अख्खा कप्पा त्यांच्यासाठी रिकामा केला होता. तो वर्षभर रिकामाच राहिला. मग मीच चिडून माझ्या साड्या त्यात परत ठेवल्या. टोपीसुद्धा ते रात्री काढून बॅगेवर ठेवतात. काष्टीच्या घरात दाराजवळ त्यांच्या टोपीची खुंटी आहे, घासून घासून गुळगुळीत झालेली. इथं एक खिळा ठोकू का, असं ह्यांनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कशाला भित खराब करता? चार दिसांचा प्रश्न हाय."

मी कॉलेजच्या ऑफिसात काम करते. सकाळी उठून आईची साखर तपासायची, गोळी द्यायची, गोळीनंतर ती खरंच जेवते का ते बघायचं, मग ऑफिस, मधल्या सुट्टीत फोन, संध्याकाळी परत तेच. आईच्या तब्येतीला रविवार नसतो. मी दमले होते. ते दमणं एका दिवसाचं नव्हतं, झोपून जाईल असंही नव्हतं. त्यामुळे भावाने जेव्हा सांगितलं की जूनमध्ये दोघांना तीन महिने इकडं पाठव, तू फक्त सोडायला ये आणि पंधरा दिवस राहून जा, तेव्हा मी फोन ठेवून स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. तीन महिने! सकाळी सातपर्यंत झोपायचं. ह्यांच्याबरोबर भंडारदऱ्याला जायचं, कुणाच्याही गोळ्या पर्समध्ये न घेता. मी मनातल्या मनात त्या तीन महिन्यांचा एकेक रविवार वाटून टाकला.

अण्णा तर तयारच होते. पोराकडं जायचं म्हणजे स्वतःच्या घरी जायचं. व्हिसा तीन महिन्यांचाच आहे हे त्यांना सांगितलं, पण ते त्यांनी कानाआड केलं. "गेल्यावर बगू" म्हणाले आणि एकही कपडा मागे न ठेवता सगळं बॅगेत भरलं. विमानाला ही असली बॅग चालत नाही, मी नवी आणते, असं मी म्हटलं. नाही म्हणाले. मुंबईच्या विमानतळावर त्या बॅगेला प्लास्टिकचा कागद गुंडाळताना तिथल्या माणसाने माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं.

भाऊ राहतो ते गाव डोंगरांच्या मधोमध आहे. खिडकी उघडली की डोंगर, गॅलरीत आलं की डोंगर. अण्णांना पहिले दोन दिवस त्यांचं कौतुक वाटलं, मग ते पाण्याकडे वळले. ओढे नुसते वाहतात, कुणी अडवत नाही, कुणी मोटर लावत नाही, हे त्यांना बघवेना. आमच्याकडे कालव्याचं आवर्तन कधी सुटणार यावर माणसांची डोकी फुटतात. "हितं पान्याची पाळी कुनाची असती?" त्यांनी भावाला विचारलं. भाऊ हसून म्हणाला, कुणाचीच नाही.

भावाला आपलं जग दाखवायची हौस होती, आणि ती मी समजू शकते. एवढ्या लांब राहणाऱ्या पोराकडे आईबाप पहिल्यांदाच आलेले. त्याने एक डोंगर ठरवला. अर्ध्यापर्यंत दोरावरच्या पाळण्यातून जायचं, पुढे पायवाट, वर एक लाकडी हॉटेल आणि त्याच्या थोडं वर शिखर. मी म्हटलं, दुरून डोंगर साजरे, आपण त्या पाळण्यातून जाऊन चहा पिऊन येऊ. तर म्हणाला, "अगं ताई, इथले ऐंशी वर्षांचे म्हातारे चढतात हा रस्ता." इथल्या म्हाताऱ्यांनी थंडीत रात्र रात्र उसाला पाणी दिलेलं नसतं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण मी भांडायला गेलेच नव्हते. पंधरा दिवस नीट काढायचे आणि सुटायचं, एवढाच माझा बेत होता.

आदल्या संध्याकाळी आईने त्याला विचारलं, "वर कोन देव हाय?"

"देव नाही गं. वर एक मोठा क्रूस आहे लाकडाचा. इथं प्रत्येक शिखरावर असतो."

"मंग देवच की त्यो," आई म्हणाली, आणि विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

सकाळी आम्ही निघालो. आई नऊवारीत, खाली पायमोजे आणि नगरहून घेतलेले बूट, वर भावजयीचं लाल जॅकेट. अण्णा धोतर-टोपीत, तसेच बूट, आणि हातात भावाने दिलेली टोकदार काठी. भावजय लहान लेकराला घेऊन घरीच थांबली होती. मी सकाळी आईची साखर बघितली, गोळी दिली, तिच्यासमोर ब्रेड-लोणी-चीज ठेवलं आणि अण्णांचे पायमोजे शोधायला गेले. परत आले तर ताटली रिकामी होती. नेहमीसारखं "खाल्लंस ना?" असं मी विचारलं आणि नेहमीसारखी तिने मान हलवली.

पायवाट चांगली होती, खोटं कशाला बोलू. दोन्ही बाजूला हिरवं गवत, गळ्यात घंटा बांधलेल्या गायी, वरती थोडं बर्फ. पण ते मी सगळं फोटोत बघितलं, नंतर. प्रत्यक्ष चालताना माझी नजर दोन जोडी बुटांवर होती. आईचा पाय कुठं पडतो, अण्णांचा गुडघा कुठं वाकतो. मान वर केली की कुणीतरी अडखळायचं. पाठीवर माझ्या सॅक, तिच्यात पाणी, औषधं, आईची शाल, अण्णांची माकडटोपी. भाऊ पुढे चालत डोंगरांची नावं सांगत होता आणि मी हं हं करत होते.

वरून उतरणारी माणसं आम्हाला बघून थबकायची, मग हसून काहीतरी म्हणायची. अण्णा प्रत्येकाला दोन्ही हात जोडून "रामराम" म्हणायचे. आईने विचारलं, काय म्हणतात ही? भाऊ म्हणाला, इकडची पद्धत आहे, देव तुमचं भलं करो असं म्हणतात. आईने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "मी म्हनलं न्हवतं? दर्शन घिऊन आल्यात सगळी."

चढ लागला तसं अण्णांना आधार लागायला लागला. मी हात पुढे केला. त्यांनी तो बघून न बघितल्यासारखं केलं आणि भावाला हाक मारली. पोराच्या खांद्यावर हात टाकून ते चढू लागले. ह्यात मला नवीन काही नव्हतं. नगरला दवाखान्याच्या जिन्यावरसुद्धा ते कठडा धरतात, माझा हात धरत नाहीत. लेकीवर भार टाकायचा नाही, हा त्यांचा नेम. औषधं, डबे, रिपोर्ट, रिक्षा हे सगळं कोण करतं, ते त्यांच्या हिशेबी भारात मोडत नसावं. असं मी तेव्हा चिडून मनात म्हटलं आणि आईच्या मागे चालत राहिले.

एका ओढ्याशी आलो. बर्फाचं पाणी, दगडांवरून खळाळत चाललेलं. आई बराच वेळ काही बोलली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती न बोलता एवढं अंतर चालत नाही. मी तिच्या कपाळाला हात लावला. एवढ्या थंडीत तिला दरदरून घाम फुटला होता.

"आई, बस."

"म्हशी सोडल्या का गं?" ती म्हणाली. म्हशी विकून आम्हाला चार वर्षं झाली आहेत.

मी तिला दगडावर बसवलं. भाऊ धावत आला, चेहरा पांढराफटक. छातीत दुखतंय का, श्वास लागतोय का, असं विचारायला लागला. मग फोन काढून मदतीचा नंबर फिरवायला लागला. मी म्हटलं, "साखर उतरलीय. काही नाही, थांब." माझे हात सवयीने चालत होते. ग्लुकोज पावडर बाटलीत घातली, हलवली, तिच्या ओठांना लावली. तर तिने दात घट्ट मिटून घेतले.

"आई, तोंड उघड."

"न्हाई. दर्शन न्हाई झालं आजून."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाथर्डीकडच्या देवीच्या गडावर ती दरवर्षी नवरात्रात जायची, जीपने पायथ्यापर्यंत आणि पुढे पायी. देवाचा डोंगर भरल्या पोटी चढायचा नाही, दर्शन झाल्यावरच पाणी तोंडाला लावायचं, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. मी तिच्या कमरेची पिशवी उघडली. त्यात कुंकवाची डबी, एक खण, चिमूटभर तांदूळ आणि कागदी रुमालात नीट गुंडाळलेला सकाळचा ब्रेड. गोळी तिने घेतली होती. खाल्लं नव्हतं.

मी ओरडले. परक्या मुलखात, त्या सुंदर डोंगरावर, काष्टीच्या बाजारात ओरडावं तशी ओरडले. मरायचंय का तुला, एवढ्या लांब येऊन मरायचंय का? भाऊ म्हणाला, ताई, शांत हो, हेलिकॉप्टर बोलवू का? मी बाटली परत तिच्या तोंडाला लावली. पाणी तिच्या हनुवटीवरून जॅकेटवर सांडलं. ती डोळे मिटून मान नाही नाही हलवत होती. मला खरी भीती वाटली, गोठ्यात पडली होती त्या सकाळी वाटली होती तशी. बेशुद्ध झाली तर तोंडातून काही देता येत नाही हे मला माहीत होतं.

अण्णा कुठे आहेत ते बघायला मी वळले. ते ओढ्याच्या काठाला उकिडवे बसून दगड उचलत होते. मला वाटलं, यांचंही डोकं फिरलं. त्यांनी एकेक दगड धुतला आणि पाण्याच्या कडेला ओळीने मांडला, आमच्या विहिरीवर मांडलेत तसे. सात. मग काठी टाकून, गुडघ्यावर हात दाबत ते आले, आईच्या पिशवीतली कुंकवाची डबी घेतली, परत गेले आणि प्रत्येक दगडाला कुंकवाचं बोट लावलं.

"ये, हिकडं बग," ते आईला म्हणाले. आवाज चढवला नव्हता, विहिरीवर मोटर चालू कर म्हणावं इतका साधा. "सात आसरा हायेत. पानी वाहतंय थितं आसरा असत्यात, हे तुला कुनी सांगायचं का? झालं दर्शन. हात जोड."

साती आसरा म्हणजे पाण्याच्या देवी. आमच्याकडे विहीर खणली की आधी त्या मांडतात, मग मोटर. आईने डोळे किलकिले केले. त्या दगडांकडे बघितलं. थरथरते हात जोडले, कपाळाला लावले. मग तोंड उघडलं, आणि मी बाटली लावली.

हळूहळू रंग आला. ब्रेडचे तुकडे मी तिला भरवले. थोड्या वेळाने ती पहिलं वाक्य बोलली, "लई गार हाय ह्यो पाव." अण्णा म्हणाले, "देवाला फसवायचं न्हाई म्हनती, अन् पोरीला फसवती." आई हसली. मी नाही हसले. तिथंच ओल्या गवतात बसले.

भाऊ माझ्याशेजारी येऊन बसला. फोन अजून त्याच्या हातात होता.

"ताई, असं नेहमी होतं?"

"होतं अधूनमधून."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगून काय करणार होतास?"

मी हे टोचून बोलले नाही. खरंच विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "मी ऑफिसला गेल्यावर असं झालं तर? मला तर ती साखर मोजायची सुई कशी लावतात तेही माहीत नाही." शिकवते मी उद्या, असं मी म्हटलं. अवघड काही नाही, तीन महिन्यांचाच प्रश्न आहे. माझे तीन महिने मी अजून घट्ट धरून होते. अण्णा ओढ्यापाशी पाठमोरे उभे होते. ते ऐकत होते की नाही, कळलं नाही.

शिखर राहिलंच. कुणीच वर जाऊ म्हणालं नाही. आईने तो खण दगडांपुढे ठेवला, वर वजन म्हणून एक गोटा ठेवला, आणि आम्ही फिरलो.

उतरताना भाऊ आईला धरून पुढे गेला. तिला सोडायला तो आता तयार नव्हता. वाट अरुंद, दोघांपुरतीच. मागे अण्णा आणि मी. चढापेक्षा उतार गुडघ्यांना वाईट. थोडं खाली आल्यावर अण्णांची काठी सटकली, ते गपकन थांबले. भाऊ वळणापलीकडे गेला होता. हाक मारली असती तर तो आला असता. अण्णांनी हाक मारली नाही. मी एक पाऊल पुढे होते, वळून बघणार इतक्यात माझ्या उजव्या खांद्यावर त्यांचा हात पडला.

पुस्तकात असतं तसं मला काही भरून वगैरे आलं नाही. हात जड होता. मान आधीच दुखते माझी, दिवसभर कम्प्युटरवर बसून. प्रत्येक पावलाला त्यांचं निम्मं वजन माझ्या खांद्यावर यायचं आणि मी मनात म्हणायचे, देवा, संपव आता ही वाट. गायींच्या घंटा वाजत होत्या. पाळण्याच्या स्टेशनपाशी आल्यावर त्यांनी हात काढला आणि धोतराचा सोगा नीट केला. तो खांदा पुढे महिनाभर दुखत होता.

दुसऱ्या दिवशी जेवताना अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "आमी हिच्याबरुबरच माघारी जातो."

भाऊ म्हणाला, अण्णा, काय बोलताय, तीन महिन्यांचं ठरलंय, मी सगळं शिकतो, ताई शिकवणार आहे मला. मग त्याचा आवाज बदलला. "मी मुलगा आहे ना तुमचा?"

"हायेस की," अण्णा म्हणाले. "तुझं घर बगितलं, लेकरू बगितलं, जीव गार झाला. पर तुज्या आईचं डोळं बगून साखर वळखायला हिला चार वर्सं लागली. तुला शिकवायला आता तेवढा येळ न्हाई आमच्याकडं."

भावाने खूप विनवलं. शेवटी तिकिटं बदलली. मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले. प्रेमाने रडले असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण तसं नव्हतं. माझे तीन महिने गेले म्हणून रडले. भंडारदरा गेला, सातची झोप गेली. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली होती. सुट्टी नको पण निदान तिची आशा तरी कुणी दाखवायला नको होती. तोंड धुऊन बाहेर आले तर आई भावजयीला शेंगदाण्याची चटणी कशी कुटायची ते दाखवत होती, आणि सगळं नेहमीसारखं होतं.

विमानात अण्णा खिडकीशी बसले. मला राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना म्हटलं, "अण्णा, मी दमलेय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मान हलवली. मग डोळे मिटले आणि मुंबईपर्यंत उघडले नाहीत. मला वाटलं, झालं, हेही पाहुण्यासारखंच ऐकून घेतलं.

मुंबईहून गाडीने सावेडीला पोचलो तेव्हा सकाळ उजाडून गेली होती. आमचे हे आईला आत घेऊन गेले, चहा टाकायला लागले. मी अण्णांच्या खोलीत खुर्चीवर बसले, बूटसुद्धा काढले नव्हते. उठायचं त्राण नव्हतं. अण्णांनी बॅग कॉटवर ठेवली, त्यावरचा प्लास्टिकचा कागद फाडला, सेफ्टी पिन काढली, चेन उघडली. धोतर काढत असतील असं मला वाटलं. धोतर काढलं. मग दुसरं काढलं. सदरे, बंड्या, स्वेटर, पंचा, सगळं कॉटवर आलं. बॅग उलटी करून झटकली. तिच्यातून काष्टीची थोडी माती पडली.

"तुज्या साड्या काढ त्या कप्प्यातनं," ते म्हणाले.

"कशाला?" मी विचारलं.

"इमानात म्हनलीस ना, दमलेय? ठावं हाय मला. चार वर्सं ठावं हाय. म्हनून तर ही बॅग अशी भरून ठिवायचो. तू एका सबदानं म्हनलीस, अण्णा जावा, तर तुला दुसऱ्यांदा म्हनाया लागू ने. चेन लावली की निघालो." त्यांनी बॅगेची घडी घातली. "पोराकडं गेल्तो ते बी त्याच्यासाटीच. तुला जरा मोकळं करावं म्हनून. पर आता कळलं, तुज्या आईला घिऊन मला कुटंच जाता येनार न्हाई. मंग निगायच्या तयारीत बसून काय उपेग?"

चार वर्षं मी त्या बॅगेवर चिडत होते. माझ्या घराला ते आपलं मानत नाहीत, असा तिचा अर्थ मी लावला होता. मी रडायला लागले, आणि या वेळी कशासाठी ते मलाच सांगता येत नव्हतं. तीन महिने गेलेच होते, उद्या सकाळी साखर तपासायचीच होती, त्यात तसूभर फरक पडणार नव्हता. तरीही.

अण्णांना रडणं बघवत नाही. त्यांनी टोपी काढली, हातात फिरवली, दाराजवळच्या भिंतीकडे बघितलं.

"हितं एक खिळा लागंल टोपीला."

मी उठायला लागले, तर त्यांनी हातानेच मला थांबवलं. "तू बस. दमलीस. मी ठोकतो."

आणि ते बाहेर गेले. मी ऐकत बसले. स्वयंपाकघरातलं खालचं कपाट उघडल्याचा आवाज आला, मग ड्रॉवर, मग बेसिनखालचं दार, मग फ्रिजचंसुद्धा, तिथं काय शोधत होते देव जाणे. आमचे हे काहीतरी सांगायला लागले, तर अण्णा म्हणाले, तुमी चा बगा. मग परत एक ड्रॉवर. मग त्यांची हाक आली, "पोरी, घावंना. आपली हातुडी कुटं ठिवलीय?"

हातोडी जिन्याखालच्या खोक्यात आहे. मी सांगितलं नाही. म्हटलं, शोधू देत.